सैल हाताचं अक्षर

अंकलेश्वर–बऱ्हाणपूर रस्ता चोपडा शहरातून जातो. सातपुड्याच्या पायथ्याने शिरपूरकडून यावलकडे जाणाऱ्या या रस्त्यावर कापूस, केळी आणि उसाच्या गाड्यांची वर्दळ असते आणि दोन्ही बाजूंना अक्षरांची. ही अक्षरं नीट पाहिली तर त्यांचे थर पडलेले दिसतात. जुन्या भिंतींवर आणि पत्र्याच्या पाट्यांवर पेंटरने ऑइल पेंटने लिहिलेली अक्षरं. गाड्यांच्या काचांवर रेडियम कापून चिकटवलेली अक्षरं. दुकानांच्या कपाळावर आणि चौकाचौकांत फ्लेक्सवर छापलेली अक्षरं. या शेवटच्या थरात एक जात हटकून भेटते. थोडी तिरकी, कुठे जाड तर कुठे बारीक, कडेला रंग सुकत आल्यासारखी, कुणी तरी घाईत पण झोकात ब्रश फिरवून गेल्यासारखी. ‘भरीत पार्टी’, ‘केळी वेफर्स’, ‘दादांना वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा’ अशा मजकुरांत ही अक्षरं दिसतात.

या अक्षरांना कुणी ब्रश लावलेला नसतो. दुकानातल्या मुलाने कळफलकावर मजकूर टाइप केलेला असतो आणि यादीतून एक फॉन्ट निवडलेला असतो. हाताने लिहिल्याचा भास देणाऱ्या या फॉन्टला अक्षररचनाकार ‘कॅज्युअल ब्रश’ म्हणतात. आपण त्याला सैल हाताचं अक्षर म्हणू. त्याचा स्वभाव काय, तो देवनागरीत बनवणं एवढं कठीण का, आणि तो कुठे वापरावा व कुठे वापरू नये, एवढं या प्रकरणात पाहायचं आहे.

बोरू आणि ब्रश

अक्षराचं रूप आधी हत्यार ठरवतं. देवनागरीचं पारंपरिक रूप बोरूने ठरवलं. बोरूचं टोक तिरपं कापलेलं असतं. लिहिणारा तो एकाच कोनात धरून चालवतो, त्यामुळे रेघ एका दिशेला आपोआप जाड होते आणि दुसऱ्या दिशेला आपोआप बारीक. देवनागरीत वरच्या उजव्या कोपऱ्यातून खालच्या डाव्या कोपऱ्याकडे उतरणारी रेघ जाड येते. रोमन लिपीचा टाक उलट्या कोनात धरतात, म्हणून तिथे जाडी नेमकी विरुद्ध तिरक्या रेघेत येते. एकाच पाटीवर मराठी आणि इंग्रजी शेजारी लिहिलं की दोन्ही एका हातची वाटत नाहीत, त्याचं एक कारण हे आहे.

ब्रशला बोरूचा हा नियम अर्धाच लागू पडतो. चपटा ब्रश कोनात धरला तर तो बोरूसारखाच वागतो. पाटी रंगवणाऱ्याचा नेहमीचा ब्रश हाच. गोल ब्रशचं मात्र वेगळं आहे. त्याची जाडी कोनावर ठरत नाही, दाबावर ठरते. दाबला की केस पसरतात आणि रेघ फुगते, उचलला की ती निमुळती होत संपते. शिवाय ब्रशमधला रंग संपत जातो. रेघेची सुरुवात ओली आणि भरीव असते, शेवट कोरडा आणि फाटलेला. हात किती वेगाने गेला, कुठे थांबला, कुठे वळला, हे सगळं रेघेत नोंदलं जातं.

सैल हाताच्या अक्षराचा स्वभाव या नोंदीतून येतो. त्याच्या टोकांना छिन्नीने कापल्यासारखे कोपरे नसतात, ती गोलसर किंवा विरलेली असतात. क, व, ब यांच्या गाठी कधी उघड्या राहतात, कारण घाईत हात वर्तुळ पुरं करत नाही. अक्षरं एका पातळीवर काटेकोर बसत नाहीत, किंचित वरखाली होतात. एकूण शब्द पुढे झुकलेला असतो. हे सगळे दोष एखाद्या शाळकरी मुलाच्या वहीत दिसले तर गुरुजी लाल शाई वापरतील. पाटीवर तेच गोड वाटतात, कारण त्यांच्यामागे बसलेला हात असतो. ज्याला अक्षराचं मोजमाप पाठ आहे, त्यालाच ते मोडून चालतं. पेंटर दोरी मारून रेघा आखतो, अक्षरांच्या जागा खडूने खुणावतो आणि मग हात सैल सोडतो.

ब्रश किती जुना?

ब्रशने लिहिणं ही जाहिरातीच्या काळातली करामत नव्हे. जळगावहून दीडेक तासाच्या वाटेवर असलेल्या अजिंठ्याच्या लेण्यांत काही लेख दगडात कोरलेले आहेत, तर काही चित्रांबरोबर भिंतीवर रंगाने लिहिलेले आहेत. दुसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात आर्यशूराच्या ‘जातकमाले’तल्या श्लोकांचे असे रंगवलेले अंश सापडले आहेत. पाचव्या शतकात या परिसरात ब्राह्मी वळणाची अक्षरं कुंचल्याने लिहिणारे हात होते, याचा हा उघड पुरावा आहे.

कोरलेल्या अक्षराच्या मागेही ब्रश उभा असतो, हे मात्र फार उशिरा ध्यानात आलं. रोममध्ये इसवी सन ११३ मधला ट्राजन राजाचा स्तंभ आहे. त्याच्या पायथ्याच्या शिलालेखाची अक्षरं रोमन लिपीचा आदर्श मानली जातात. अक्षरांच्या टोकांना असणारे छोटे पाय छिन्नीमुळे आले, असं बराच काळ समजलं जाई. अमेरिकेतले धर्मगुरू एडवर्ड कॅटिच यांनी १९६८ साली एका पुस्तकात वेगळं मत मांडलं: ही अक्षरं आधी चपट्या ब्रशने दगडावर लिहिली गेली आणि नंतर त्या रंगावरून कोरली गेली. पायांचं वळण ब्रशच्या फिरकीचं आहे. कॅटिच यांना हे दिसलं, कारण तरुणपणी त्यांनी शिकागोत पाट्या रंगवण्याचं काम केलं होतं. पेंटरच्या हाताला जे माहीत होतं, ते पंडितांच्या डोळ्यांतून सुटलं होतं.

आपल्याकडे अक्षराबद्दल सर्वांत व्यवहारी सल्ला समर्थ रामदासांनी दिला आहे. ‘दासबोधा’च्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेवर आहे. अक्षर वाटोळं आणि मोकळं असावं, ओळी सरळ असाव्यात, आणि तरुणपणीच्या नजरेच्या जोरावर फार बारीक लिहू नये कारण म्हातारपणी ते वाचता येत नाही, असं ते बजावतात. समर्थ संप्रदायाची हस्तलिखितं धुळ्याच्या समर्थ वाग्देवता मंदिरात जपलेली आहेत. याच धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळात मोडी कागदपत्रांचा मोठा संग्रह आहे. मोडी ही खरी सैल हाताची लिपी. कारकून आधी कागदाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत रेघ मारून घेई आणि मग तिच्याखाली, हात शक्य तितका कमी उचलत, अक्षरं भराभर लटकवत जाई. वेग वाढला की अक्षर कसं वितळतं आणि तरीही वाचता कसं येतं, हे पाहायचं तर मोडीचा एखादा कागद समोर धरावा. अच्युत पालव यांनी मोडीचा अभ्यास करून तिचा ओघ देवनागरीत आणला आणि ‘मुक्तलिपी’ घडवली. २०२५ साली त्यांना पद्मश्री मिळाली. मराठी सुलेखनातल्या आजच्या झोकदार वळणाचा उगम शोधायचा तर तो बराचसा या वाटेने मोडीपर्यंत पोचतो.

धातूत ओतलेला ब्रश

अमेरिकेत ब्रशच्या अक्षराच्या फॉन्टला मागणी जाहिरातीतून आली. तिथे दुकानाच्या काचेवर आणि किमतीच्या पत्रकांवर ब्रशने एका फटक्यात अक्षर लिहिणारे पेंटर होते. त्यांच्या या वळणालाच ‘कॅज्युअल’ म्हणत. जाहिरातदारांना तेच वळण छापून हवं होतं. १९४२ साली अमेरिकन टाइप फाउंडर्स या कंपनीने रॉबर्ट स्मिथ यांनी आखलेला ‘ब्रश स्क्रिप्ट’ बाजारात आणला. १९५०च्या सुमारास पीटर डॉम यांचा ‘डॉम कॅज्युअल’ आला. फ्रान्समध्ये रॉजे एक्सकोफों यांनी १९५३ साली स्वतःच्या हस्ताक्षरावरून ‘मिस्त्राल’ केला आणि दोनच वर्षांनी जाड ब्रशच्या फटकाऱ्यांचा ‘शॉक’.

‘मिस्त्राल’ची गंमत समजली की या सगळ्या प्रकाराची मेख समजते. हाताने लिहिताना प्रत्येक अक्षर शेजाऱ्याकडे बघून वळतं. धातूच्या खिळ्याला शेजारी कोण येणार हे माहीत नसतं. तेव्हा कोणताही खिळा कोणत्याही खिळ्याशेजारी लावला तरी रेघ जुळली पाहिजे आणि जुळवून आणल्यासारखी दिसता कामा नये. एक्सकोफोंनी अक्षरांची उंची आणि झोल असे खेळवले की जोड ठरलेल्या जागी असूनही ओळ उडती वाटते. सैलपणा दिसावा म्हणून आत काटेकोर हिशेब मांडायचा, हा ब्रश फॉन्टचा पाया आहे.

मराठीत या काळात असा फॉन्ट झाला नाही, कारण त्याची गरज पडली नाही. जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्याने (स्थापना १८६९) ग्रंथांसाठी देखणे खिळे दिले होते. नाटकाच्या जाहिरातीत, मासिकाच्या मुखपृष्ठावर, सिनेमाच्या नावात झोक हवा असला की चित्रकाराला बोलावत. तो ब्रशने नाव लिहून देई, त्याचा ब्लॉक करत आणि तो खिळ्यांबरोबर छापत. १९४५ साली ‘दीपावली’ सुरू करणारे दीनानाथ दलाल चित्राबरोबर अक्षरही त्याच कुंचल्याने सजवत. कमल शेडगे (१९३५–२०२०) यांनी तर हेच आपलं जीवितकार्य मानलं. मराठी रंगभूमीवरच्या कितीतरी नाटकांची नावं लोकांना आजही त्यांच्या अक्षरांतच आठवतात. नाटक गंभीर की फार्स, ऐतिहासिक की कौटुंबिक, हे नुसत्या नावाच्या वळणावरून कळे. प्रत्येक नावासाठी ते नवं अक्षर काढत. एका नाटकाचं अक्षर दुसऱ्या नाटकाला लावणं त्यांच्या लेखी अंगावर दुसऱ्याचा सदरा घालण्यासारखं होतं.

तालुक्याच्या गावी ही जागा पेंटरची होती. चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षांत भूमितीबरोबर अक्षरलेखनही असे. त्यातून आणि एखाद्या जुन्या पेंटरच्या हाताखाली उमेदवारी करून मुलं पाट्या लिहायला शिकत. चोपड्यात भगिनी मंडळाचं ललित कला केंद्र आहे, म्हणजे रीतसर चित्रकला शिकण्याची सोयही गावातच झाली. दुकानाची पाटी, एस.टी.वरचा गावाचा फलक, शाळेच्या भिंतीवरचा सुविचार, निवडणुकीतलं चिन्ह, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीमागचं नाव, सगळं एकाच हाताने लिहिलेलं असे. त्यामुळे गावाला स्वतःचं अक्षर असे. शिरपूरचा ‘श’ आणि चोपड्याचा ‘श’ वेगळा ओळखू येई.

फ्लेक्सने हे चित्र पालटलं. एका रात्रीत दहा फुटी पाटी छापून मिळू लागली आणि तीही फोटोसकट. पेंटरचा ब्रश बाजूला पडला. ब्रशच्या अक्षराची हौस मात्र गेली नाही. ती फॉन्टने भागवली. दिल्लीतल्या हनीफ कुरेशी (निधन २०२४) यांनी या बदलाला एक चांगलं उत्तर शोधलं. ठिकठिकाणच्या पेंटरांकडून त्यांनी पूर्ण वर्णमाला लिहून घेतल्या, त्यांचे फॉन्ट केले आणि त्या त्या पेंटरचं नाव फॉन्टला दिलं. असा प्रयत्न खान्देशातल्या पेंटरांच्या अक्षरांसाठी अजून करण्याजोगा आहे.

देवनागरीची तीन कोडी

इंग्रजी ब्रश फॉन्ट हजारोंनी मिळतात. देवनागरीत चांगले ब्रश फॉन्ट बोटांवर मोजण्याइतके. याचं कारण कलावंतांची वाण हे नव्हे. लिपीच अशी आहे की सैल हात तिच्यात सहज मावत नाही.

पहिलं कोडं शिरोरेषेचं. पेंटर शब्द लिहून झाल्यावर वरची रेघ एका दमात ओढतो. ती मध्ये किंचित झुकते, शेवटी विरते, आणि त्या झुकण्यातच शब्दाचा झोक असतो. फॉन्टमध्ये असं करता येत नाही. तिथे प्रत्येक अक्षर आपापला शिरोरेषेचा तुकडा डोक्यावर घेऊन येतं. ‘क’चा तुकडा ‘म’च्या तुकड्याला नेमक्या त्याच उंचीवर आणि त्याच जाडीने भिडला नाही तर रेघ पायरीपायरीची दिसते. म्हणून रचनाकारापुढे तीन वाटा असतात. शिरोरेषा सरळ ठेवायची आणि ब्रशचा खेळ फक्त खालच्या अंगात करायचा. किंवा प्रत्येक अक्षराची रेघ थोडी आखूड ठेवून मध्ये मुद्दाम फट सोडायची. किंवा रेघच टाकून द्यायची. पहिल्या वाटेने अक्षर थोडं शिस्तीचं होतं, दुसरीने ते खेळकर होतं, तिसरीने जवळजवळ गुजराती दिसू लागतं. कोणत्याही ब्रश फॉन्टकडे पाहताना त्याने यातली कोणती वाट धरली आहे हे आधी बघावं. त्याचा अर्धा स्वभाव तिथेच कळतो.

दुसरं कोडं संख्येचं. इंग्रजीचं काम मोठी-लहान मिळून ५२ अक्षरांवर आणि अंक-विरामचिन्हांवर भागतं. देवनागरीत काना, मात्रा, वेलांटी, उकार, रफार आणि जोडाक्षरं मिळून रूपांची संख्या कित्येक शेकड्यांत जाते. इंडियन टाइप फाउंड्रीच्या ‘कलम’ या हस्ताक्षरवजा फॉन्टमध्ये ती हजारावर आहे. एवढी सगळी रूपं एकाच हातची, एकाच दमातली वाटली पाहिजेत. कलाकाराचा हात पहिल्या दिवशी जसा फिरला तसाच दोनशेव्या रूपाला फिरत नाही. घाईने केलेल्या फॉन्टमध्ये ‘क’ झकास असतो आणि ‘द्व’ उपरा वाटतो, तो यामुळे.

खान्देशी गावांची नावं यात चांगली परीक्षा घेतात. ‘बऱ्हाणपूर’ किंवा शिरपूर तालुक्यातलं ‘तऱ्हाडी’ लिहायला अर्ध्या ‘र’चं ते चंद्रकोरीसारखं रूप लागतं. हिंदीला त्याची गरज पडत नाही, म्हणून मराठीचा विचार न करता केलेल्या फॉन्टमध्ये ते कधी नसतं, आणि मग पाटीवर ‘बर्हाणपूर’ छापून येतं. ‘चहार्डी’त रफार आणि वेलांटी एकमेकांवर चढतात. ‘चुंचाळे’त ‘ळ’ हवा आणि उकाराबरोबर अनुस्वारही हवा. ब्रशची रेघ जाड असल्यामुळे या चिन्हांना जागा कमी पडते आणि ती एकमेकांत मिसळून ठिपका होतात. ‘ल’ आणि ‘श’ यांचाही प्रश्न असतो. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९च्या निर्णयाने मराठीची रूपं ठरवून दिली आहेत. हिंदी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ वाचता येतात, पण मराठी पाटीवर ते पाहुण्यासारखे दिसतात. काही नव्या फॉन्टमध्ये भाषा ‘मराठी’ निवडली की योग्य रूपं आपोआप येतात.

तिसरं कोडं पुनरावृत्तीचं. माणूस एकच अक्षर दोनदा सारखं लिहीत नाही. फॉन्ट दर वेळी तेच रूप आणून ठेवतो. दोन अक्षरं हुबेहूब सारखी दिसली, विशेषतः दोन्हींचा कोरडा फाटका शेवट सारखाच दिसला, की हाताने लिहिल्याचा भास तिथेच मोडतो. आपल्याकडे तर प्रेमाची आणि मानाची सगळी नावं जोडीच्या अक्षरांची: दादा, नाना, काका, मामा, बाबा. खान्देशात यातलं एखादं नाव नसलेला फ्लेक्स शोधूनच काढावा लागेल. चांगला रचनाकार म्हणूनच ‘द’, ‘न’, ‘क’, ‘म’ यांची दोन-तीन रूपं करून ठेवतो आणि तेच अक्षर लागोपाठ आलं की फॉन्ट स्वतःहून दुसरं रूप काढतो. ही सोय असलेला फॉन्ट किमतीला थोडा चढा असला तरी घ्यावा.

कुठे शोभतो, कुठे नाही

छापील अक्षर जाहीर करतं, हाताचं अक्षर बोलतं. ब्रश फॉन्ट वापरण्याचा सगळा विवेक यात आला. जिथे एखादा माणूस समोर उभा राहून दोन शब्द बोलेल तिथे तो शोभतो.

तापीपलीकडे अमळनेरात साने गुरुजी प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते आणि वसतिगृह सांभाळत, तेव्हा ते मुलांसाठी ‘छात्रालय दैनिक’ रोज स्वतःच्या हाताने लिहून काढत. छापलेल्या सूचनेपेक्षा त्या हस्तलिखित पानाचा शब्द मुलांना जवळचा वाटावा हे साहजिक आहे. समोरचं अक्षर कुणाच्या तरी हातचं आहे हे कळलं की वाचणारा मजकुराबरोबर माणसालाही वाचतो. ब्रश फॉन्ट या जवळिकीची उसनवारी करतो. म्हणून ती जपून खर्च करावी.

बचत गटाच्या ज्वारीच्या बिबड्यांच्या पाकिटावर उत्पादनाचं नाव ब्रशच्या अक्षरात घ्यावं. माल घरच्या हाताचा आहे हे ते अक्षर न सांगता सांगतं. शेवभाजीच्या हॉटेलचं नाव, भरीत पार्टीचं आमंत्रण, कानबाईच्या उत्सवाचा फलक, शाळेच्या स्नेहसंमेलनाचं शीर्षक, लग्नपत्रिकेवरची वधू-वरांची नावं, पुस्तकाच्या मुखपृष्ठावरचं नाव, एखाद्या मोहिमेची घोषणा: या सगळ्या त्याच्या जागा. मजकूर तीन-चार शब्दांचा, फार तर एका ओळीचा. याहून लांब परिच्छेद ब्रशच्या अक्षरात बसवला की सगळेच एकदम मोठ्याने बोलू लागल्यासारखं होतं.

त्याच पाकिटावरचे घटक पदार्थ, वजन, किंमत आणि वापरण्याची मुदत मात्र साध्या सरळ अक्षरात हवी. कृषी सेवा केंद्राचं नाव झोकदार असायला हरकत नाही, पण कीटकनाशकाचं प्रमाण त्या अक्षरात लिहिणं धोक्याचं आहे. फोन नंबरात ब्रशचा ‘१’ आणि ‘९’ लांबून सारखे दिसू शकतात. औषधाचं दुकान, दवाखाना, पतसंस्था, वकिलाची पाटी यांना विश्वास आणि स्थैर्य दाखवायचं असतं. तिथे सैल हात उथळ वाटतो. श्रद्धांजलीच्या फलकावर तर तो टोचतो, तरीही वाढदिवसाच्या फ्लेक्सचाच साचा उघडून नाव बदलल्यामुळे तिथेही तो दिसतो.

मराठी पाट्यांच्या कायद्याने या विषयाला नवं महत्त्व आलं आहे. २०२२ साली दुकाने व आस्थापना कायद्यात दुरुस्ती झाली आणि दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही देवनागरीतलं मराठी नाव बंधनकारक झालं. मराठी अक्षराचा आकार इतर लिपीपेक्षा लहान असता कामा नये, असंही त्यात आहे. अनेक दुकानदारांकडे इंग्रजी नाव ब्रशच्या वळणात आधीच होतं. त्याखाली मराठी नाव सरकारी नमुन्याच्या सरळसोट अक्षरात आलं आणि जोडी विजोड झाली. याला उत्तर आहे, आणि ते मराठीकडून इंग्रजीकडे जाणारं आहे. ‘यात्रा वन’ या फॉन्टची प्रेरणा मुंबईच्या लोकलच्या हाताने रंगवलेल्या पाट्यांतून आली. त्यात देवनागरीचा ब्रश ज्या कोनात चालतो तोच कोन रोमन अक्षरांना दिला आहे. इंग्रजी अक्षरं मराठी वळणाने वागतात आणि पाटी एका हातची दिसते. ‘कलम’ आणि ‘यात्रा वन’ दोन्ही मुक्त परवान्याखाली आहेत, म्हणजे दुकानाच्या पाटीसाठीही मोफत आणि कायदेशीर वापरता येतात.

निवडण्याआधी

फ्लेक्सच्या दुकानात अनेक देखणे ब्रश फॉन्ट जुन्या पद्धतीचे, म्हणजे युनिकोड नसलेले असतात. गिऱ्हाइकाने मोबाइलवर पाठवलेला मजकूर त्यात थेट उतरत नाही. रूपांतर करावं लागतं आणि त्यात ‘श्री’, ‘शुभेच्छा’, ‘कृषी’ असे शब्द बिघडतात. त्यामुळे छापण्याआधी नमुना डोळ्यांखालून घालणं हे गिऱ्हाइकाचं काम आहे. कोरड्या ब्रशचा फाटका पोत फ्लेक्सवर उत्तम उठतो. रेडियमला मात्र तो चालत नाही. कापायचं यंत्र बाह्यरेषेवरून फिरतं आणि शेकडो बारीक दातेरी कडा काढताना पट्टी फाटते. गाडीवर किंवा काचेवर नाव हवं असेल तर गुळगुळीत कडांचा फॉन्ट घ्यावा.

आकाराबाबत पाटीवाल्यांचा जुना ठोकताळा आहे: दर दहा फूट अंतराला एक इंच उंचीचं अक्षर. पन्नास फुटांवरून वाचायची पाटी असेल तर अक्षर पाच इंचांचं. हा हिशेब साध्या रोमन अक्षराचा आहे. देवनागरीत वर-खाली मात्रा असतात आणि ब्रशने त्या दाटतात, म्हणून अक्षर त्याहून चांगलं मोठं घ्यावं आणि दोन ओळींत मोकळी जागा ठेवावी.

फॉन्ट पसंत करण्याआधी त्यात तीन मजकूर लिहून पाहा: ‘श्री समर्थ कृषी केंद्र’, ‘बऱ्हाणपूर’ आणि ‘दादा’. पहिल्याने जोडाक्षरं तपासली जातात, दुसऱ्याने मराठीपण, तिसऱ्याने हाताचा खरेपणा. तिन्हींत उतरला तर तो फॉन्ट मराठीसाठी केलेला आहे असं समजायला हरकत नाही. आणि नाव कायम टिकायचं असेल, दुकान आयुष्यभराचं असेल, तर गावातल्या पेंटरला बोलावून ते एकदा त्याच्या हाताने लिहून घ्या. कागदावर लिहिलेलं ते नाव स्कॅन करून पाटीवर, पाकिटावर, पावतीवर कुठेही छापता येतं. त्याला खर्च एकदाच येतो, आणि ते अक्षर दुसऱ्या कुणाच्या दुकानावर कधीच दिसत नाही.